दुसऱ्याला खेळू न देणारा

बुरुंगा,
सोमवार, १५ सप्टेंबर

प्रिय ओवेन,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, गायी बऱ्या आहेत, वासरं ओल्यात खोकतात तेवढं सोडलं तर तीही बरी. कुत्रा लंगडतोय, पण ते नाटक आहे. बाबा बघत नसले की चौखूर पळतो. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण काल माझ्यासमोर बसून तीन बटाटे जास्तीचे खाल्लेस.

फोन असताना ही बाई पत्रं कशाला खरडते, असं शेजारची ग्लेनिस परवा गावच्या क्लबच्या कॅन्टीनमध्ये पुन्हा म्हणाली. मी तिला सांगितलं, माझा थोरला फोनवर ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढंच बोलतो. पत्र त्याला मधेच ठेवता येत नाही. तू अठराव्या वर्षी घर सोडलंस तेव्हापासून लिहितेय. आता या वयात काय सवय मोडायची?

काल तुम्ही दोघं भाऊ आलात, फार बरं झालं. शनिवारी एवढी मोठी मॅच, आणि दोघांनी तीन-तीन तास गाडी हाकत बापाच्या पासष्टाव्या वाढदिवसाला यावं, हे आजकाल कोण करतं? बाबा आज दूध काढताना शिटी वाजवत होते, आणि ते शिटी वाजवतात ते गायीला जुळी झाली तरच.

आणि आपल्या घरचा नियम पाळलात. जेवणाच्या टेबलावर फुटी नाही, फुटबॉलचा विषयच काढायचा नाही. टेबलावर जे दिसलं, जे ऐकलं, ते फाटकाबाहेर न्यायचं नाही. तुम्ही दोघं वेगवेगळ्या क्लबांकडून खेळायला लागलात तेव्हाच मी हा नियम केला, नाही तर या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नसता. काल पाहा ना, सहा दिवसांनी एकमेकांसमोर उभे राहणार, जिंकेल तो अंतिम सामन्यात जाणार, आणि दोघं बोलत काय होतात? पाऊस, वासरं आणि ग्लेनिसचा गुडघा.

ज्यूडचं मटण मी कापून दिलं त्याचं काही मनात आणू नकोस. सुरी माझ्या हातात होती, त्याचं ताट जवळ होतं. आता तो चोवीस वर्षांचा घोडा झालाय हे आईच्या हाताला कोण सांगणार? बरं, पॅव्हलोवा केक मधोमध खचला होता, पण चवीला बरा होता ना? बाबांनी आज उरलेला सगळा न्याहारीला खाल्ला.

आजच्या पेपरात तुमचे फोटो आलेत. ‘भावाच्या मागे भाऊ’ असा मथळा. तुझ्या क्लबने ज्यूडच्या पाठीवर तुलाच लावलंय म्हणे. ज्यूडचा फोटो हवेत चढून चेंडू पकडतानाचा, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा ठेवून. आणि तुझा? तुझ्या फोटोत अर्धा ज्यूडच आहे.

लोक मला विचारतात, “मॉरीन, धाकटा तर जादूगारच आहे, पण थोरला काय खेळतो?” मी सांगते, थोरला खेळत नाही, दुसऱ्याला खेळू देत नाही. आधी हसतात. मग मी समजावते, समोरच्या संघात जो सगळ्यात भारी असेल त्याच्या पाठीला माझा ओवेन चिकटतो, पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत. तो चालला की हा चालतो, तो पळाला की पळतो, तो पाणी प्यायला थांबला की शेजारी जाऊन उभा राहतो. त्याला चेंडू मिळाला नाही म्हणजे याची मॅच चांगली झाली. तेरा हंगाम तू हेच केलंस. पायात फार वेग नाही, लाथ बेताची, उंची माझ्यावर गेलेली. मोठे क्लब खेळाडू निवडतात त्या दिवशी तुझं नाव इतक्या शेवटी आलं की बाबा तोवर दूध काढायला निघून गेले होते. आणि तरी तेरा हंगाम! समोर ओवेन ट्रेगिअर आहे म्हटलं की भलेभले स्टार तोंड वाकडं करतात. मला त्या वाकड्या तोंडांचा फार अभिमान आहे, ओवेन. टीव्हीवर दिसलं की मी आणखी एक बिस्किट खाते.

बाबांना तुझं हे काम कधी पटलं नाही, असं तुला वाटतं. हॉर्नमुळे. मला माहीत आहे. आपल्या मैदानाभोवती गाड्या नाक आत करून उभ्या असतात, गोल झाला की सगळ्यांनी हॉर्न वाजवायचा; पण बाबा पडले कायद्याचे. गोलालाच हॉर्न. कुणी चेंडू अडवला, वाजवणार नाहीत. कुणी कुणाला बांधून ठेवलं, मुळीच नाही. ज्यूड दहा वर्षांचा असताना त्याने एका मॅचमध्ये इतके गोल ठोकले की आपल्या पिकअपची बॅटरी उतरली आणि आपण ती ढकलत घरी आणली, आठवतंय? ढकलणारा तूच होतास. तुझ्यासाठी मात्र तो हॉर्न एकदाही वाजला नाही. एकदा मारला होतास गोल, बाबांचा हातही उठला होता, आणि पंचाने चेंडू आधी कुणाच्या तरी बोटाला लागला म्हणून गोलाच्या सहा गुणांऐवजी एकच गुण दिला. बाबांनी हात खाली घेतला. तू तेव्हा पंचाकडे बघत नव्हतास, पिकअपकडे बघत होतास. मी कॅन्टीनच्या खिडकीतून पाहिलं आणि माझे चिप्स करपले.

तुला या कामाला कुणी लावलं? तुमचे मेलबर्नचे प्रशिक्षक म्हणतात त्यांनी. थापा! मी लावलं. ज्यूड चालायला लागला आणि सुटला की गोठ्यामागच्या शेणपाण्याच्या तळ्याकडे धावायचा. मी तुला सांगितलं, याच्या मागे राहा, पडू देऊ नकोस. तू राहिलास. तो ओरडायचा, चावायचा, तू काही सोडायचा नाहीस.

असो. शनिवारी आम्ही दोघं येतोय. मी दोन्ही क्लबांचा रंग नसलेला तपकिरी स्वेटर घालणार आहे, तो मला मुळीच शोभत नाही, पण इलाज नाही. कुणी जिंको. दोघंही धड घरी या, एवढंच.

दोघांचीही,
आई


मेलबर्न,
मंगळवार, २३ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र मॅचच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तराला उशीर झाला. बरा आहे. गुडघ्याला बर्फ लावतोय, बाकी काही नाही.

तुझे इतके फोन आले, एकही उचलला नाही. रागावू नकोस. बोलायला गेलो असतो तर नको ते बोललो असतो.

जे झालं ते तू समोरून पाहिलंस. दोन मिनिटं उरलेली, आम्ही चार गुणांनी पुढे. कडेला ज्यूडला चेंडू मिळाला, मी मागून त्याला मिठीत धरलं आणि तो सुटला. गोल. सहा गुण. दोन गुणांनी ते अंतिम सामन्यात आणि आम्ही घरी. त्याआधी दिवसभर मी त्याला चेंडूचा वासही लागू दिला नव्हता, ते आता कुणाला आठवत नाही. साहजिक आहे.

पेपरात आलंय की थोरल्याने धाकट्याला सोडलं. रेडिओवर एक जण म्हणाला, बापाच्या वाढदिवसाची भेट उशिरा दिली. प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हात का सुटला? मी म्हटलं, घाम होता. मॅचच्या आधीही विचारलं होतं त्यांनी, तू घरी जाऊन आलास, भाऊ कसा आहे, कुठे दुखतंय-बिखतंय का? मी म्हटलं, दोनदा मटण घेतलं त्याने.

आमच्या संघातला ह्यूगो तुला माहीत आहेच. दहा वर्षं तो अंतिम सामन्याची वाट बघतोय. त्याने माझी बॅग उचलून गाडीपर्यंत आणून दिली आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काल क्लबने सांगितलं, पुढच्या हंगामाला जागा नाही. बहुधा आधीच ठरलं असेल. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या मॅचनंतर खांद्यावर उचलून नेतात, ते राहिलं. असू दे, मला उंचीची भीतीच वाटते.

पुढच्या महिन्यात बुरुंगा क्लबच्या समारंभात लहान पोरांना बक्षिसं द्यायला येणार होतो. येत नाही म्हणून सांग. पोरांचे बाप माझ्याकडे बघतील, मग पोरं बापांना विचारतील काय झालं. नको ते. पश्चिमेला लोखंडाच्या खाणीवर काम आहे, एका मित्राने बोलावलंय. ऑक्टोबरच्या मध्याला निघेन. तिकडे नुसता कामगार म्हणून राहता येईल.

ज्यूडचा फोन नाही. तू त्याला काही विचारू नकोस. हा आठवडा त्याला शांतपणे खेळू दे, मग बघू. बाबांना सांग... काही नको सांगू.

ओवेन

ता. क. पुढच्या वेळी ज्यूडचं मटण स्वयंपाकघरातूनच कापून आण.


बुरुंगा,
गुरुवार, २ ऑक्टोबर

ओवेन,

आशीर्वाद नंतर, आधी शिव्या. गाढवा, इतके दिवस आईचा फोन न उचलणारा मुलगा मी वाढवला नव्हता. झालं. आता आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, गायी बऱ्या आहेत, वासरांचा खोकला गेला. कुत्रा बरा झाला, कसा ते पुढे लिहिते.

तुझी ता. क. मी ओट्यापाशी उभी राहून वाचली आणि मग खालीच बसले. म्हणजे तुला कळलं होतं. मला तशी खात्रीच होती, पण कागदावर वाचलं की वेगळं वाटतं.

आता सगळं सरळ लिहिते. त्या रविवारी ज्यूडला सुरी दाबता येत नव्हती. डावं कोपर त्याने अंगाला चिकटवून ठेवलं होतं, आणि हसताना श्वास अर्ध्यावर सोडत होता. मी विचार न करता त्याचं ताट ओढलं आणि मटण कापायला लागले. दोन तुकडे झाल्यावर भानावर आले, की समोर कोण बसलंय! वर पाहिलं तर तू रश्शाचं भांडं हळूच त्याच्या उजव्या हाताशी सरकवत होतास आणि बाबांना पावसाचं विचारत होतास. ज्यूड मान खाली घालून जेवत होता. टेबलावर जे दिसलं ते फाटकाबाहेर न्यायचं नाही.

सोमवारी पत्र लिहायला बसले ती हेच लिहायला. ‘त्याच्या डाव्या कुशीला जपून’ असं लिहिलं असतं तर तुझे हात बांधल्यासारखं झालं असतं. आणि तुला काही दिसलं नसेल, तर मीच एका मुलाची दुखरी जागा दुसऱ्याला दाखवून दिली असती. म्हणून मग मी केक, बॅटरी आणि माझा तपकिरी स्वेटर लिहीत बसले. तू ते कसं वाचलंस कोण जाणे.

मॅचला आम्ही स्टँडमध्ये होतो ते तुला माहीत आहे. माझ्या एका बाजूला तुझ्या क्लबचे लोक, दुसऱ्या बाजूला ज्यूडच्या. तुझा हात सुटला तेव्हा एका बाजूचे उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूचा एक माणूस तुला जे म्हणाला ते मी लिहीत नाही. मी त्याला म्हटलं, “तो माझा मुलगा आहे.” तो म्हणाला, “कोणता?” मी म्हटलं, “ज्याला तू शिवी दिलीस तो.” मग बिचाऱ्याने मला आपल्या डब्यातलं सँडविच देऊ केलं.

परत येताना कोलॅक गाव मागे पडलं तेव्हा बाबा म्हणाले, “हात सुटला नाही. सोडला.” मी म्हटलं, “घाम असेल.” ते म्हणाले, “ओल्या वासराला ओढून काढणारा हात आहे तो.” तू प्रशिक्षकांना घामच सांगितलास, हे नंतर तुझ्या पत्रात वाचलं. खोटं बोलण्यात तू माझ्यावर गेलायस.

मग तो आठवडा. काय सांगू, ओवेन! ज्यूडचा अंतिम सामना व्हायचा होता, म्हणून तोंडातून शब्द काढायची सोय नाही. त्याची बरगडी बाहेर कळली असती तर क्लबने त्याला बसवला असता, किंवा समोरच्यांनी सगळ्यांनी मिळून तिथेच मारलं असतं. गावात जाईन तिथे लोक मान वाकडी करून विचारायचे, “ओवेन कसा आहे?” कुणी मेल्यासारखं. कॅन्टीनमध्ये ग्लेनिस म्हणाली, “मॉरीन, तुझ्या थोरल्याचं मन फार मऊ गं!” मी म्हटलं, “तुझ्या स्कोन पावांपेक्षा मऊ आहे खरं, पण त्यात काही विशेष नाही.” तेवढंच बोलले आणि जीभ चावून कपबशा विसळल्या.

पुढचं तू टीव्हीवर पाहिलंच असशील. ज्यूडचा क्लब जिंकला. अभिनंदनाचे इतके फोन आले की बाबांनी फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

मंगळवारी ज्यूड आला. एकटा, गळ्यात पदक, तीन दिवस न झोपलेला, अंगाला बिअरचा वास. मी मटण वाढलं. सुरी त्याच्या हातात दिली, तर त्याने ती खाली ठेवली.

“आई, नियम मोडतो.”

“मोड.”

“दोन बरगड्या मोडल्यात. डॉक्टरने रविवारी पाहिलं. मीच स्वतः पट्ट्या बांधत होतो, कुणाला सांगितलं नव्हतं. प्रशिक्षक खूप ओरडले.” मग पदकाशी चाळा करत बसला. “दादाने मला पक्कं धरलं होतं. हलता येत नव्हतं. त्याने फक्त स्वतःचं वजन माझ्या डाव्या बाजूवर टाकायचं होतं, नियमात बसणारं, रोजचं काम त्याचं. मी डोळे मिटून घेतले. त्याची बोटं जर्सीवरून त्या पट्ट्यांना लागली. आणि उघडली. आई, मला स्पष्ट कळलं, उघडली.”

“मग?”

“मग काय! मी सुटलो आणि गोल मारला. आणि त्याचा इतका राग आला मला! मी मैदानात उतरलो म्हणजे मार खायला तयार होतो ना? दया कुणी मागितली होती? म्हणून फोन केला नाही. वाटलं, शनिवारी खेळून दाखवतो मग बोलतो. आणि शनिवारी पदक गळ्यात पडलं तेव्हा कळलं की हे त्याच्या गळ्यात असू शकत होतं.”

“तू मार खायला तयार होतास,” मी म्हटलं. “तो द्यायला तयार नव्हता.”

तेव्हा तो रडला, ओवेन. आणि रडताना बरगड्या दुखतात म्हणून आणखी रडला. पेपरवाल्यांना सगळं सांगतो म्हणत होता, लगेच, त्याच टेबलावरून. मी म्हटलं, आधी दादाला विचार. तेव्हा आता तू ठरव. तू ‘सांग’ म्हणालास तर तो उद्या सांगेल आणि तुझ्या नावावरचं सगळं धुऊन निघेल. तू ‘नको’ म्हणशील, हे मला इथे बसून ऐकू येतंय. पण त्याला ते तुझ्या तोंडून ऐकू दे. बारा वेळा नंबर फिरवून ठेवून दिला त्याने. उचलशील असं त्याला वाटत नाही, आणि त्याची चूक नाही.

एक मात्र मी स्वतःला विचारते. ह्यूगोच्या आईला मी काय सांगू? तिच्या मुलाने दहा वर्षं वाट पाहिली आणि माझ्या मुलाने बोटं उघडली. मागे एकदा त्या पर्थच्या पोराचा खांदा दुखरा आहे हे कळल्यावर तू दिवसभर त्याच खांद्यावर पडत राहिला होतास. मी टीव्ही बंद करून वासरांना दूध पाजायला गेले होते. ते चाललं, मग स्वतःचा भाऊच का नाही? हा प्रश्न तुलाही पडला असणार, म्हणून तर खाणीवर पळतोयस. मी फक्त एवढं सांगते, की मला तुझा अभिमान वाटतो. तेरा हंगामांचा वाटतो, त्या वाकड्या तोंडांचा वाटतो, दिवसभर स्वतःच्या भावाला चेंडूचा वास लागू दिला नाहीस त्याचाही वाटतो, कारण ते तू तुझ्या क्लबसाठी इमानाने केलंस. आणि त्या शेवटच्या एका क्षणाचाही वाटतो. हे सगळं एकत्र बसत नसेल, तर नसू दे. मी आई आहे, पंच नाही.

आता कुत्र्याचं सांगते.

ज्यूड बोलत होता तेव्हा बाबा टेबलाच्या टोकाला होते. ज्यूडचं संपलं, तसा अर्धा चहा तसाच ठेवून उठले, दारात बसून गमबूट चढवले आणि बाहेर गेले. मला वाटलं, गायींकडे गेले. त्यांना काही लागलं की गायींकडेच जातात. मग पिकअपचं दार आपटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, या वेळी कुठे निघाले?

आणि हॉर्न वाजला.

गोलाला वाजवतात तसा नाही. तो कसा, एकदाच, तुटक, पावती फाडल्यासारखा. हा सुरू झाला आणि थांबेचना. हात उचललाच नाही त्यांनी. गायींना वाटलं चारा आला, त्या सगळ्या फाटकापाशी गोळा झाल्या. कुत्रा लंगडणं विसरून पिकअपभोवती गोल गोल पळायला लागला, तेव्हापासून चारी पायांवर ठणठणीत आहे. पलीकडून ग्लेनिसचा फोन, “मॉरीन, आग लागली का गं?” फोन पिठाच्या डब्यात वाजत होता, मी पिठासकट कानाला लावला. ज्यूड खिडकीत उभा, कुशीला हात धरून एकाच वेळी हसतोय आणि रडतोय, आणि ओरडतोय, “आई, बघ बाबांना! बघ तरी!” मी बघतच होते. समोरच्या काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. ते समोर बघत होते, मैदान समोर असल्यासारखे.

आवाज हळूहळू घोगरा झाला आणि आपोआप बंद पडला. बाबा आत आले. बूट काढले, हात धुतले, जागेवर बसले आणि गार झालेला चहा प्यायले.

मी म्हटलं, “काय हो, हे काय?”

ते म्हणाले, “वाजवायचा राहिला होता.”

त्यानंतर त्यांनी मटण मागितलं.

तेव्हा ओवेन, परिस्थिती अशी आहे. पिकअपची बॅटरी पार उतरली आहे. ती अंगणात मधोमध उभी आहे, दुधाच्या टँकरला वळता येत नाही, ड्रायव्हर काल मला बोलून गेला. शेजारी गाडी आणून चालू करून देतो म्हणाले, तर बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, ओवेन ढकलेल. ज्यूडच्या दोन बरगड्या मोडलेल्या, माझी कंबर तुला माहीत आहे, आणि बाबा स्टिअरिंगवर बसणार. खाणीवर जायचं तर खुशाल जा, मी अडवणार नाही. पण आधी घरी ये आणि गाडी ढकल. बक्षीस समारंभाला येत नाहीस, असं मी क्लबला अजून कळवलेलं नाही. विसरले. माझं वय झालं आता.

मटण रविवारी आहे. सगळ्यांचं टेबलावरच कापणार आहे.

एरवी दोघांची, पण आज फक्त तुझी,
आई